विहिरीचं इंजिन बसवलेली जीप

आमच्या घरात जीपच्या तब्येतीची चौकशी घरातल्या माणसासारखी व्हायची. चहाचं आधण ठेवायच्या आधी दादा, म्हणजे माझे वडील, अंगणात जाऊन तिला चालू करायचे आणि परत येऊन पाटावर बसून नुसतं ऐकत राहायचे. चार सिलिंडरचं पेट्रोलचं इंजिन. थंड असताना जरा कुरकुरायचं, मग चोक आत ढकलला की खाकरून गळा साफ केल्यासारखं सुरात लागायचं. दादांची मान हलायला लागायची. चुलीपाशी भाकरी थापणारी माय म्हणायची, "ह्या घरात मला कुनी इतकं गुमान बसून आयकलं असतं, तर मी बी गायले असते." दादांना ते ऐकू यायचं नाही, कारण ते जीप ऐकत असायचे.

ही जीप त्यांनी कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती. लातूर, औसा, निलंगा अशा खेपा मारायच्या, लगीनसराईत वऱ्हाड न्यायचं, एखादा आजारी माणूस दवाखान्यात पोचवायचा, असा आमचा संसार तिच्या चाकांवर चालला होता. खोड एकच, ती पेट्रोल ढोसायची. त्यावर तेव्हा सगळ्यांनी काढलेला उपाय दादांनीही काढला होता. पेट्रोलवर चालू करायची आणि गरम झाली की रॉकेलवर टाकायची. रॉकेलवर ती चालायची, पण मागून असा धूर सोडायची की वऱ्हाड मांडवात पोचेपर्यंत नवरदेवाच्या अंगाला अत्तराऐवजी स्टोव्हचा वास येत असे. एका विहीणबाईंनी तर मांडवात सगळ्यांसमोर विचारलं होतं, "पोरगा काय खानावळीत हाय का वो?"

मी त्या दिवसांत नांदेडला आत्याकडे राहून डिझेल मेकॅनिकचा कोर्स करत होतो. आत्या सकाळी दोन धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची, ते मी पहिल्याच तासाला बाकाखाली संपवायचो. आमच्या वर्कशॉपमध्ये एक इंजिन उभं चिरून ठेवलेलं होतं. आतला पिस्टन, व्हॉल्व्ह, सगळं उघडं, लाल-निळ्या रंगात रंगवलेलं. हँडल फिरवलं की सगळं वरखाली व्हायचं. माझ्या वर्गातली बाकीची पोरं सिनेमातल्या नट्यांच्या प्रेमात पडली होती, मी त्या चिरलेल्या इंजिनाच्या. कोर्स संपवून लातूरला आलो ते जगातल्या सगळ्या इंजिनांचा जावई असल्याच्या थाटात. आल्या दिवशीच मायला धरून बसवलं.

"माय, पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागती. आपन चुलीला काडी लावतोत तसं. डिझेलला काडीच नको. आत हवा इतकी दाबायची, इतकी दाबायची की ती आपूनच तापती. मग तिच्यावर डिझेलचा फवारा. की भडका."

"काडी न लावता?"

"हाव."

"मंजे माज्यासारकंच की," माय म्हणाली. "लगीन झाल्यापून दाबून ठेवलंय. तुज्या बापाला इचार भडका कवा उडंल."

दादा कोपऱ्यात सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "पेट्रोलचं इंजिन बोलतंय, डिझेलचं खोकतंय. खोकलेकऱ्याला मी माज्या दारात उबा करनार न्हाई."

आता माझ्या नातवाची गाडी विजेवर चालते. पहिल्यांदा त्यानं मला तिच्यात बसवलं तेव्हा मी बराच वेळ वाट बघितली आणि मग विचारलं, चालू कधी करतोस? तो म्हणाला, आजोबा, आपण चौकात आलोय. बॉनेट उघडून दाखवलं तर आत इंजिनाच्या जागी पिशव्या ठेवायला खण. पेट्रोलच्या गाड्यांतला कार्बोरेटर गेला, डिझेलच्या गाड्यांत कॉम्प्युटर आला, तो थेंब थेंब मोजून सोडतो, आणि या गाडीत तर जाळण्यासारखं काहीच उरलेलं नाही. दादा असते तर पाटावर बसून काय ऐकलं असतं कोण जाणे.

तर त्या वर्षी पाऊस पाठ फिरवून गेला होता. आणि त्याच सुमाराला लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. रोज कुठल्या तरी जुन्या गोदामावर नव्या कचेरीची पाटी चढायची, रोज कुणीतरी नवे साहेब ट्रंका घेऊन उतरायचे. नळाला पाणी नव्हतं, पण पाट्यांचा रंग ओला होता. घरात हुलग्याचं माडगं आणि ज्वारीची भाकरी, भाजी म्हणून येसराची पातळ आमटी. लोकांकडे बाजाराला जाण्यासारखं काही नव्हतं, तर जीपमध्ये कोण बसणार? दादा फाट्यावर दिवसभर उभे राहून रिकामी गाडी घेऊन यायचे. नांदेडहून आत्याच्या यजमानांचा निरोप आला होता, गाडी विकून टाका आणि आमच्या सायकलच्या दुकानात येऊन बसा. त्या निरोपानंतर दादा जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच बसून राहायला लागले.

तेवढ्यात कळलं की नव्या कचेऱ्यांना दौऱ्यासाठी भाड्यानं जीपा हव्यात. दुष्काळी गावं फिरायला साहेब होते, गाड्या नव्हत्या. एकदा जीप लागली असती तर वर्षभराची चिंता मिटली असती, आणि दादांना मेहुण्याच्या दुकानात पंक्चर काढावं लागलं नसतं. दादा धुतलेला सदरा घालून गेले आणि दुपारी परत आले. अट एकच होती, गाडी डिझेलची पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जीप चालू केली नाही. चहाचं आधण उकळल्याचा आवाज घरभर ऐकू आला.

जीपला बसेल असं डिझेल इंजिन मिळणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात ते चिरलेलं इंजिन फिरत होतं, आणि निलंग्याच्या रस्त्यावर गंगाराममामाच्या शेतात एक साबूत डिझेल इंजिन विहिरीच्या काठावर गोणपाट पांघरून बसलेलं होतं. एक सिलिंडर, बाजूला जात्याएवढं जड चाक, हँडल मारून चालू करायचं. विहीर कोरडी, त्यामुळे त्याला काम नव्हतं. मला काम होतं. मी मामाला गाठलं. मामा इंजिनावरून हात फिरवत म्हणाला, "न्हेतूस तर न्हे. पन हिरीला पानी लागलं की त्याच दिशी आनून ठिव. मला ह्याच्याबिगर करमत न्हाई."

लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रज्जाकभाईंचं गॅरेज होतं. रज्जाकभाईंना जगात न जमणारी गोष्ट ठाऊक नव्हती, आणि जमलेल्याही फार थोड्या. त्यांनी मामाचं इंजिन बघितलं, जीप बघितली, विडी पेटवली आणि म्हणाले, "तेरे बाप कू बोल, रज्जाक जो इंजिन बिठाता, वो उठता नै." जीपचं पेट्रोल इंजिन उतरवून बाजूला ठेवलं. मामाचं इंजिन उंच, त्यामुळे बॉनेट काढूनच टाकलं. इंजिनाच्या पुलीवरून गिअरबॉक्सच्या पुलीवर पिठाच्या गिरणीला असतो तसला सपाट पट्टा ताणला. आता थंड करायचं कसं? विहिरीवर असताना उपसलेल्या पाण्यातलंच थोडं इंजिनाच्या अंगातून फिरायचं. जीपचा रेडिएटर तर चाळणीसारखा गळत होता. मी मागच्या सीटवर एक मोठा लोखंडी पिंप बसवला, त्याला खाली तोटी, आणि दोन रबरी नळ्या इंजिनापर्यंत. पिंप भरायला मायनं घरातल्या सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी राखून ठेवलं, लुगड्याच्या पदरानं गाळून ओतलं. "माणसं बिनआंगुळीची आन् इंजिन न्हाऊन-धुऊन," ती म्हणाली, पण पिंप काठोकाठ भरला.

चालू करून बघायच्या दिवशी गल्ली लोटली. कुणीतरी हौसेनं पुढच्या चाकापुढे लिंबू ठेवलं. मी हँडल मारलं, इंजिन टुक टुक टुक करत उभं राहिलं, अंगणातली भांडी थरथरली. दादांनी तोंड वाकडं केलं, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि जीप सरळ मागे गेली. शेजारच्या काकूंचं तुराट्यांचं कूड घेऊनच थांबली. दुसरा गिअर टाकला तर आणखी जोरात मागे. लिंबू होतं तिथंच, धडधाकट. मी इंजिनाची लांबी, रुंदी, उंची, सगळं मोजलं होतं. ते कोणत्या बाजूला फिरतं हे तेवढं बघायचं राहिलं होतं.

"इंजिन बराबर है," रज्जाकभाई म्हणाले. "गाडी उल्टी है."

कुडाच्या मालकीणबाई म्हणाल्या, "सायबाला मागं तोंड करून बसवा मंजे झालं."

शेवटी रज्जाकभाईंनी पट्टा काढून मध्ये पीळ देऊन आडवा चढवला, गिरणीवाले चढवतात तसा, आणि जीप पुढं जायला लागली. हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं, फक्त पोराला शिकू द्यायचं होतं, असं ते पुढं कित्येक वर्षं सांगत. मी विरोध केला नाही. शिकलो होतो हे खरंच होतं.

कचेरीतले साहेब वयानं लहान, पुण्याकडचे. एक दौरा करून बघू, मग ठरवू, असं त्यांनी दादांना सांगितलं होतं. जीप दारात आली तेव्हा त्यांनी आधी दादांकडे, मग इंजिनाकडे आणि मग मागच्या पिंपाकडे बघितलं. "ही गाडी आहे की गिरणी?" एवढंच विचारून पुढं बसले. मी मागं, पिंपाला मिठी मारून. औशाच्या पुढं एक सायकलवाला मागून आला आणि पुढं न जाता आमच्या बरोबरीनंच चालत साहेबांना त्याच्या गावच्या अडचणी सांगत राहिला. चढ लागला तेव्हा तो आमच्यासाठी थांबला. साहेब घड्याळाकडे बघत होते, दादा रस्त्याकडे, आणि मी मागून ओरडून सांगत होतो की डिझेलमध्ये सुरुवातीला जरा असंच असतं.

मामाच्या गावाच्या अलीकडे एका गावाकडे कच्चा रस्ता फुटतो. तिथं साहेबांना जायचं होतं. त्या भागात एरवी या वेळेला चहूबाजूंनी इंजिनांचा आवाज यायचा. घरात जेवत बसलेला माणूसही आवाजावरून सांगायचा, हे पाटलाचं, हे माझं, हे गंगारामचं. त्या वर्षी सगळी इंजिनं मुकी होती. शिवारात पाखरू उडालं तरी ऐकू यायचं. अशा त्या शांततेत आमची जीप टुक टुक टुक करत माळ चढून वर आली.

आधी एक माणूस दिसला. धोतराचा सोगा हातात धरून तो आमच्याकडे नव्हे, बाजूच्या शेतात पळत होता, त्याच्या विहिरीकडे. मग गावाच्या बाजूनं बाया आल्या. डोक्यावर हंडे, कमरेला घागरी, कुणाच्या हातात नुसती कळशी, कुणाच्या कडेवर लेकरू आणि त्या लेकराच्या हातात तांब्या. पळत होत्या. पुढं एक म्हातारी होती, वयाच्या मानानं भलतीच पुढं. ती धापा टाकत रस्त्यात आली आणि तिनं विचारलं, "कुनाच्या हिरीला लागलं वो?"

दादांनी खाली वाकून इंजिन बंद केलं. मग काहीच ऐकू येईना.

"न्हाई आज्जी," दादा म्हणाले. "गाडीचा आवाज हाय."

"गाडीला हिरीचं इंजिन?"

"हाव."

"कामून?"

 मी डिझेलचे फायदे सांगायला सुरुवात केली. पेट्रोलपेक्षा कमी जळतं, ओढ जास्त, असं काहीबाही. बाया हंडे खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हातारी मात्र जीपच्या मागच्या बाजूला आली होती. तिनं पिंपावर हात ठेवला, चटका बसला तसा काढला, पुन्हा ठेवला.

"हे काय हाय मग?"

"इंजिनाचं पानी हाय, आज्जी," मी म्हणालो. "त्याला थंड ठिवायला लागतंय."

"बरं हाय," म्हातारी म्हणाली. "इंजिनाला घरोघर पानी न्हेऊन देतेत. आमी इंजिन व्हायला पायजे होतं."

बाया हसल्या. हसता हसता त्यांची नजर तोटीवर होती. मी दादांकडे बघितलं. ते याच पट्ट्यात वाढलेले. लहानपणी याच भागातल्या विहिरींवर त्यांच्या घरच्यांना काठावर पाय ठेवायची मुभा नव्हती. कुणी वरून ओतलं तर खाली ओंजळ धरायची. हे मला मायकडून कळलेलं, त्यांनी स्वतः कधी तोंडातून काढलं नाही. त्या दिवशीही काढलं नाही. ते उतरले, मागं आले आणि तोटीला हात घातला.

मी हळूच म्हणालो, "दादा, पानी गेलं तर इंजिन तापून जाम व्हईल. सायेब बसलेत."

"बसू दे."

"गाडी लागायची न्हाई आपली."

"सुब्या, हांडा धर," दादा म्हणाले आणि त्यांनी तोटी सोडली.

पाणी गरम होतं, वर तेलाचा पातळ तवंग. दादांनी आधीच सांगून टाकलं की पिऊ नका, भांड्याला, जनावराला घ्या. वरच्या आळीतल्या बाया होत्या, आमच्यासारख्या खालच्या वस्तीतल्या होत्या, लुगडं नेसायच्या ढबीवरून मला कळत होतं. एकीचा हंडा अर्धा झाला की दादा म्हणायचे, "आता ती ताई." आणि हंडा सरकायचा. कुणी कुणाला मागं हो म्हटलं नाही. पिंप वाजायला लागला तेव्हा दादांनी तो तिरका करून शेवटचं पाणी त्या लेकराच्या तांब्यात घातलं.

साहेब केव्हाच खाली उतरले होते. त्यांनी म्हातारीला विचारलं, "इथे टँकर येत नाही का?"

"येतोय की," ती म्हणाली. "त्या फाट्यावरून पलीकडं जातोय. आमी बगतोत."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी खिशातल्या वहीत गावाचं नाव लिहून घेतलं. मग दादांना म्हणाले, "आता गाडी कशी जाणार?"

"जात न्हाई, सायेब. फाट्यावर तुमाला यष्टी मिळंल."

"तुमची गाडी आम्हाला चालणार नाही, दादा."

"हाव," दादा म्हणाले. "मलाबी चालत न्हाई ती."

साहेब उन्हातून चालत फाट्यावर गेले आणि खच्चून भरलेल्या एसटीत उभ्यानं लातूरला गेले, असं नंतर कळलं. आम्हाला मामाच्या बैलांनी ओढून नेलं. मामानं इंजिनाच्या डोक्यावर हात ठेवून ताप बघितल्यासारखं केलं आणि पट्टा सोडवून ते तिथंच उतरवून घेतलं. रिकाम्या पोटाची जीप त्याच बैलांनी ओढवून आम्ही घरी आलो तेव्हा माय दारातच होती.

"आंगुळीचं पानी कुटं गेलं?"

"बायांनी न्हेलं," मी म्हणालो.

"प्यायला?"

"भांड्याला. तेलकट झालं होतं."

 ती आत जाता जाता म्हणाली, "आदी सांगायचं न्हाई व्हय. इंजिनाचं तेल लागायच्या आदीच दिलं असतं."

जीप विकली जायची आणि दादा नांदेडला सायकलच्या दुकानात बसायचे हे आता ठरल्यातच जमा होतं. मायनं त्यांचे सदरे धुऊन घड्या घातल्या होत्या. अशात कचेरीतला शिपाई आला. साहेबांनी विचारलंय, दादांना टँकर चालवता येतो का? भाड्यानं टँकर आणले होते, त्यावर माणसं कमी पडत होती. दादांनी "येतो" म्हणून सांगितलं. मामाच्या इंजिनाची ती एक खेप सोडली तर त्यांनी आयुष्यात डिझेलची गाडी चालवलेली नव्हती. पहिल्या दिवशी ते टँकर दारात घेऊन आले, सवयीनं किल्ली फिरवून खिशात टाकली आणि जेवायला बसले. बाहेर सहा सिलिंडर धडधडतच होते. जुन्या डिझेलला किल्लीनं काही फरक पडत नाही, त्याचं डिझेल तोडायला वेगळा खटका ओढावा लागतो. दादांनी किल्ली काढून बघितली, पुन्हा खिशात टाकली, शेवटी माझ्याकडे बघितलं. माझा दोन वर्षांचा कोर्स त्या एका खटक्यानं सार्थकी लागला.

"खोकतंय," ते म्हणाले. "पन छातीत दम हाय."

पहिलीच खेप त्या गावाची होती. मला त्यांनी सोबत घेतलं. कच्च्या रस्त्यावरून टँकर माळ चढून वर आला, आवाज अख्ख्या शिवारात गेला. आम्ही चावडीपुढं थांबलो. दादांनी हॉर्न दिला. कुणीच आलं नाही. परत दिला. एका दारातून बाईनं डोकं बाहेर काढलं, आमच्याकडे बघितलं आणि आत घेतलं. दुसऱ्या दारातून आवाज आला, "मागल्या बारीला बी असंच वाजलं होतं."

दादा खाली उतरले. टोपी काढून हातात घेतली आणि घराघरापुढं उभं राहून सांगायला लागले, "माय, खरंच पानी हाय. हांडा घिऊन या." दारं अर्धी उघडायची, बाया एकमेकींकडे बघायच्या. कुणी उंबरा ओलांडेना. शेवटी ती म्हातारी आली, या वेळी पळत नाही, सावकाश, रिकाम्या हातानं. टँकरच्या नळापाशी थांबली आणि दादांना म्हणाली, "सोड."

दादांनी नळ थोडा उघडला. तिनं ओंजळ भरली, नाकापाशी नेली, मग एक घोट घेतला. थांबली. पुन्हा एक घेतला. आणि उरलेलं पाणी सांडू न देता, ओंजळ तशीच धरून, गावाकडे तोंड करून म्हणाली, "या गं सगळ्या. ह्याला तेलाचा वास न्हाई."